विहिरीतला महादेव

दगडांचं एक बरं असतं, ते नात्यातले नसतात. वर्गात मी खडा हातात घेते, नखाने ओरखडा उठतो का बघते, मग चाकूने, मग त्यावर आम्लाचा एक थेंब टाकते आणि तो कोण आहे ते सांगून मोकळी होते. निकाल कसाही लागला तरी कुणी रुसत नाही. म्हणूनच सासूबाईंनी फोनवर "येताना तुझं ते भिंग घेऊन ये" असं सांगितलं तेव्हा मला ते नेऊच नये असं वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईंनी माझ्या भिंगाची कधी चौकशी केली नव्हती.

मी बारामतीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. आमचं शेत आणि घर निमगाव केतकीच्या अलीकडे. तिथे सासूबाई, धाकटा दीर आणि जाऊ राहतात. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात, सासऱ्यांना मामंजी. मी थोरली आणि जाऊ धाकटी, नावाने हाक मारायची पद्धत घरात नाहीच. माझ्या विषयाची तिथे किंमत बेताचीच. "थोरली काय करती?" असं कुणी विचारलं की आत्या सांगतात, "दगडं शिकवती," आणि ऐकणाराही पुढे विचारत नाही. नवऱ्याची तक्रार वेगळी आहे. रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग दिसला की मी गाडी थांबवायला लावते. दुसऱ्यांच्या बायका साडीच्या दुकानासमोर थांबवतात आणि हिला डंपर लागतो, असं तो चारचौघांत सांगतो. मी मनावर घेत नाही.

तर आत्यांचं म्हणणं असं होतं की देवघरातला महादेव बदललाय. हा आपला नव्हे, कुणीतरी दुसराच आणून बसवलाय. मी यायचं, बघायचं आणि सांगायचं. बदलला कुणी, हे त्या बोलल्या नाहीत. ते मला आदल्याच दिवशी दिराच्या फोनवरून कळलं होतं, कारण जाऊने मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडली होती. दीर बिचारा दोन्हीकडे जेवत होता आणि दोन्हीकडून अर्धपोटी उठत होता.

हा महादेव आमच्याच विहिरीतला. माझ्या लग्नाआधी कधीतरी विहीर खोल करायला घेतली, सुरुंग लावले, आणि काळ्या पाषाणाखाली मांजऱ्या लागला. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यातल्या क्षारांचे पांढरे, हिरवे, गुलाबी खडे तिथे सावकाश वाढले. आपल्याकडच्या बहुतेक विहिरींत अशी भोकं निघतात, फोडणारे त्याला नुसतं 'गारा' म्हणतात आणि मुरमाबरोबर बांधावर टाकून देतात. आमच्या विहिरीत एका पोकळीतून मुठीएवढा, वर निमुळता होत गेलेला, काचेसारखा आरपार खडा निघाला. बुडाला काळ्या दगडाचा तुकडा चिकटलेला आणि त्यावर हिरवी साल. मामंजींनी तो टॉवेलात गुंडाळून घरी आणला. त्याचं बूड वेडंवाकडं होतं, एका बाजूला खाच होती, म्हणून तांबटाकडे जाऊन बरोबर त्या मापाची पितळी शाळुंका ठोकून घेतली. आणि 'स्फटिकाचा महादेव' म्हणून त्याची देवघरात स्थापना झाली.

मामंजी होते तोवर त्याची पूजा तेच करायचे. त्याला फक्त पाणी घालायचे आणि बेल वाहायचे. नवी असताना मी धीर करून विचारलं होतं, दूधदही का नाही? मला वाटलं काहीतरी शास्त्रार्थ ऐकायला मिळेल. ते म्हणाले, "मुंग्या व्हत्यात." खरं सांगायचं तर पहिल्याच वर्षी माझी नजर त्या खड्याच्या कडांवर गेली होती आणि हा स्फटिक नसावा अशी शंका मनात आली होती. स्फटिक म्हणजे शुद्ध गारगोटी, तिची ठेवण सहा बाजूंची. याची वेगळी होती. पण देवाकडे ओळखपत्र कोण मागतं? मी हात जोडले आणि गप्प बसले.

मामंजी गेले त्याच्या आदल्याच वर्षी जाऊ घरात आली होती. आत्यांचे गुडघे खाली बसू देत नाहीत, मी आठवड्याने येणारी, म्हणून पूजा तिच्याकडे गेली. आणि तिने ती मनापासून केली, हे मी कुठेही सांगेन. दर सोमवारी पंचामृत, समया लख्ख, देवांची वस्त्रं धुतलेली. मी देवघरापुढून घाईने हात जोडून जाणारी, मला तिचा कधीकधी हेवा वाटायचा.

मग यंदा आत्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतिबिंदूची ऑपरेशनं झाली आणि घरावर संकट आलं. इतकी वर्षं धूसर दिसलेलं सगळं त्यांना एकदम स्वच्छ दिसायला लागलं. माळ्यावरची जळमटं दिसली, दिराच्या शर्टावरचे डाग दिसले, माझे पांढरे केस दिसले आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. दिवाळी झाली आणि एका सकाळी त्यांनी महादेव नीट पाहिला. तो बारीक झाला होता. टोक बोथट, अंग पांढुरकं, आरपार दिसणं संपलेलं. त्यातच मागच्या उन्हाळ्यात मोटारसायकलवरून एक माणूस विहिरीतले खडे विकत मिळतील का म्हणून विचारत आला होता आणि जाऊने त्याला दारात पाणी दिलं होतं. ते आत्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. दोन गोष्टी जोडायला त्यांना वेळ लागला नाही. जाऊला तोंडावर चोर कुणी म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पूजेचं ताम्हण तिच्या हातून काढून घेतलं गेलं. आमच्या घरात याहून मोठी शिक्षा नाही.

शनिवारी मी पोचले तेव्हा ऊसतोडीचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते, त्यामुळे दुपार झाली होती. आत्या देवघरासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, साक्षीदार बसतात तशा. जाऊने पडवीतून चहा पाठवला आणि ती आली नाही. मी हातपाय धुतले आणि पाटावर बसले.

देवाची परीक्षा घ्यायची म्हणजे अवघडच. चाकू लावता येत नाही, आम्लाची बाटली तर पर्समधून काढायचीसुद्धा सोय नाही. डोळे आणि भिंग, एवढीच काय ती हत्यारं. आधी मी त्याला शाळुंकेतून अलगद उचलला. बुडाचा काळा तुकडा तसाच होता, हिरवी साल तशीच, खाचही जागेवर. पुन्हा ठेवला तर पितळेत असा बसला की हलवूनही हलेना. काळ्या दगडावर उगवलेला खडा कुणी उपटून दुसरा चिकटवला असता तर जोड दिसला असता. भिंगातून सगळीकडे पाहिलं, जोड नव्हता. मी आत्यांना म्हटलं, हा तोच आहे.

"मग बारीक कसा झाला?" त्या म्हणाल्या. "देव वाळतो व्हय?"

मी तांब्यातून थोडं पाणी त्याच्यावर सोडलं. ओलं झाल्याबरोबर तो पांढुरका खडा उजळला आणि पूर्वीसारखा आरपार दिसायला लागला, कारण पाण्याने त्याचं खरबरीत अंग तेवढ्यापुरतं भरून काढलं. मागे बेलाचं एक पान होतं. खड्यातून पाहिलं तर त्याच्या एका देठाचे दोन देठ दिसत होते. मी डोकं हलवलं, पुन्हा पाहिलं, दोनच. वर्गात हा प्रकार मी दरवर्षी दाखवते, कागदावरच्या एका रेघेच्या दोन होतात आणि मुलं हसतात. एका बाजूने गेलेला उजेड दोन वाटांनी बाहेर पडतो. नुसत्या डोळ्यांना असं ठळक दाखवणारा आपल्याकडच्या विहिरींतला खडा एकच, कॅल्साइट. चुन्याचा दगड, पण स्वच्छ, मोठा, निवांत वाढलेला. गारगोटीवर चाकू चालत नाही. याच्यावर चालतो. आणि गारगोटीला आंबट काही करत नाही. याला करतं.

मला सगळं कळलं. आणि कळल्याचा आनंद झाला नाही, कारण निकाल कुणाच्या पदरात पडणार हेही त्याच क्षणी दिसलं. आत्यांना एवढंच म्हटलं की मला उद्यापर्यंत वेळ द्या. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. धाकटीला वाचवायचा माझा बेत आहे, असं त्यांना वाटलं असणार.

संध्याकाळी जाऊला घेऊन मी विहिरीकडे गेले. विहिरीतून निघालेल्या दगडांचा ढीग बांधावर अजून आहे, त्यावर घाणेरी माजलीय. शोधल्यावर गारगोटीचा एक खडा सापडला आणि महादेवाच्या जातीचाही एक सापडला, मातीने माखलेला. तो मी दुसऱ्या दगडावर आपटला. गारगोटी फुटते तेव्हा बाटलीच्या काचेसारखी कशीही फुटते. हा फुटला तो तिरक्या खोक्यांत, काडेपेटी एका बाजूने दाबल्यावर होते तसा. प्रत्येक तुकड्याचा मोठ्या दगडासारखाच तिरका आकार. आतली मांडणीच तशी असते, म्हणून तो तसाच तुटतो, असं मी तिला सांगितलं. तिने तुकडा हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "ताई, मला शिकवू नका. काय झालं ते सांगा."

मग मी विचारलं, महादेवाला कशाने धुतेस?

ती म्हणाली, सणाला सगळे देव काढते, आणि दर सोमवारीही. पितळेचे टाक, बाळकृष्ण, घंटा, आणि महादेव. चिंचेच्या कोळाने घासते, सगळ्यांना सारखंच. नंतर दूध, दही. सांगता सांगता ती थांबली. ती हुशार आहे, तिला दगड शिकवायची गरज नव्हती.

"म्हंजी मीच झिजवला का त्याला?"

मी म्हटलं, चिंचेने झिजवला. तू त्याला उजळवत होतीस. आंबट चुन्याला खातं, दही थोडं, चिंच जास्त, आणि तू काही चुकून केलेलं नाहीस, पितळेच्या देवांना हेच चालतं. उद्या हे आत्यांना दाखवते, म्हणजे चोरीचा आळ तरी जाईल.

तिने हातातला तुकडा मला परत दिला. मग म्हणाली, "चोर म्हणत्यात तर म्हणू द्या ताई. पण चिंचेचं त्यांना सांगू नका. त्यांनीच सांगितलं व्हतं मला, पूजा माझ्याकडं आली त्या पहिल्या दिवाळीला. सगळं देव चिंचंनं लख्ख घास, येकबी सोडू नको. त्यांना कळलं तर जेवायच्या न्हाईत."

मी या घरात तिच्याआधी कितीतरी वर्षं आलेली, शिकलेली, आणि आत्यांवर माझं प्रेम आहे असं समजणारी. पण आळ माझ्यावर आला असता तर मी सकाळीच भिंग काढून निकाल भिंतीवर लिहिला असता. हिला स्वतःच्या सुटकेपेक्षा म्हातारीचं जेवण मोठं वाटत होतं. मला तिचा रागही आला, आणि तिथेच बांधावर डोळे भरून आले. मी तिला वचन दिलं नाही. पण नाहीही म्हणाले नाही.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात दोन वाट्या मांडल्या. दोन्हींत चिंचेचा घट्ट कोळ. एकीत गारगोटी, दुसरीत आमच्या देवाच्या जातीचा तुकडा. आत्यांना दाखवायचा हेतू नव्हता, देवाशपथ. मला खात्री करून घ्यायची होती, कारण खात्री न करता माझ्यासारख्यांना चैन पडत नाही. तुकड्यावर बारीक बुडबुडे आले, एकेक करून वर चढले. मी त्यावर ताटली झाकली आणि दुपारची भाजी निवडायला बसले. जाऊ पडवीत तिची वेगळी भाजी निवडत होती. मेथीची जुडी मात्र दोघींनी एकच सोडली होती.

दुपारी आत्या भिंतीला धरत आत आल्या. नव्या डोळ्यांनी त्यांना सगळ्यात आधी ओट्यावरचा चिंचेचा ओघळ दिसला. आमचा ओटा कडाप्प्याचा, काळाभोर, आणि त्यावर लिंबू कापून कापून पडलेला एक पांढरट डाग आहे, त्यावरून त्यांनी आम्हा दोघींनाही आयुष्यभर धारेवर धरलंय.

"कुणी सांडली ही चिंच?" त्या म्हणाल्या. "किती येळा सांगायचं, ओट्याला आंबट लावू नका. दगड खाती ती."

बोलून झालं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. हात ओट्यावर, त्या पांढऱ्या डागावर. मी पातेलं घासायला घेतलं, उगाच. मग आत्यांनी ताटली उचलली. आधी पहिल्या वाटीतला खडा काढून पदराला पुसला. गारगोटी होती, चकचकीत, जशी घातली तशी. मग दुसरा काढला. त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या आणि अंगावर पांढरी धूळ बसली होती, थेट देवघरातल्या महादेवासारखी. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवला, अंगठा फिरवून पाहिला.

"हा आपल्या विहिरीतला?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं.

"आन् महादेव बी ह्योच?"

मी पुन्हा हो म्हटलं. खोटं बोलायचं माझ्या मनात होतं, पण खडा त्यांच्या हातात होता.

त्या हळूहळू पडवीकडे गेल्या. जाऊ उठून उभी राहिली, मेथीची पानं पदरातून खाली सांडली. मी दारात थांबले. आत्यांच्या तोंडून त्या घरात माफीचा शब्द मी कधी ऐकला नव्हता, आणि त्या दिवशीही तो आला नाही. त्या म्हणाल्या, "मीच सांगितलं व्हतं तुला. येकबी देव सोडू नको म्हणून."

जाऊ म्हणाली, तसं काही नाही आत्या, मीच जास्त घासला. आत्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. हातातला खडा तिच्या तळहातावर ठेवला आणि त्यावर तिचीच बोटं मिटवली.

"दुसरा आणून बसवला असता तर येवढा झिजला असता व्हय," त्या म्हणाल्या. "झिजलाय म्हंजी आपलाच हाय."

मग शेगडी आत आणायला सांगून त्या खुर्चीत जाऊन बसल्या. रात्री त्या जेवल्या, पण कमी. दीर मात्र पोटभर जेवला आणि काही विचारलं नाही. स्फटिक की चुन्याचा खडा, हा प्रश्न मला कुणी केला नाही, आणि मीही तो काढला नाही.

सोमवारी माझं कॉलेज होतं, पहिल्या एसटीने निघायचं म्हणून मी लवकर आवरलं. देवघरात जाऊ पाटावर बसली होती, ताम्हण तिच्या पुढ्यात, आत्या खुर्चीत. दूध नव्हतं, दही नव्हतं, पितळेचे देव चिंचेने घासून एका बाजूला आणि महादेव एकटा दुसऱ्या बाजूला. तिने तांब्यातून पाण्याची बारीक धार धरली. धार पडत होती तोवर तो तसाच आरपार दिसत होता, मामंजींच्या वेळी दिसायचा तसा. तिने सवयीने तांब्या खाली ठेवला आणि पाणी ओघळून गेलं तसा तो पुन्हा पांढुरका व्हायला लागला. आत्या खुर्चीत पुढे वाकून, डोळ्यांची उघडझाप न करता बघत होत्या.

"आजून घाल," त्या म्हणाल्या.